सिलच्या पोटातला गाळ

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९९८ सालची मारुती ८०० आमच्याकडे आहे. २०२१ च्या जुलैत ती महाडला मामांच्या अंगणात उभी होती, पुरात काचेपर्यंत बुडाली. इंजिन, वायरिंग, सीट सगळं करून घेतलं आणि गाडी चालू झाली. पुढे दरवाज्यांच्या तळाला आणि दाराखालच्या पट्टीला गंज दिसू लागला म्हणून पुट्टी भरून पूर्ण गाडी रंगवून घेतली. एक पावसाळा गेला आणि नेमके त्याच जागी फोड आले. आता एक पेंटर म्हणतो, पुन्हा घासून पुट्टी-रंग करू. दुसरा म्हणतो, पत्रा कापावा लागेल. गाडी मोडीत काढायची नाही. कुणाचं ऐकू? (एक वाचक, पोलादपूर)

उत्तर : कापायला सांगणाऱ्याचं ऐका. आणि कापण्याच्याही आधी गाडीच्या पोटात अजून पडून असलेला गाळ काढा. तुमच्या पत्रातली खरी गोष्ट तीच आहे. गंज बाहेर दिसला म्हणून उपचार बाहेरून झाला, पण गंज आला आतून.

२२ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं. पाणी ओसरलं, पण गाळ मागे राहिला. घरांतला, दुकानांतला गाळ लोकांनी फावड्यानं ओढून काढला. गाड्यांच्या सीट उतरवल्या, गालिचे धुतले, इंजिनात गेलेलं पाणी काढलं. ज्या जागी हात जात नाही ती जागा मात्र तशीच राहिली. दाराखाली पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जी आडवी पट्टी जाते तिला गॅरेजात सिल म्हणतात. ही पट्टी म्हणजे वळवून एकमेकांना जोडलेल्या पत्र्यांची लांबट पेटी, आतून पोकळ. आत शिरलेलं पाणी निथळावं म्हणून तिच्या तळाला कारखान्यातच भोकं ठेवलेली असतात. पुराचं पाणी त्याच भोकांतून आत चढलं, तिथे थांबलं, गाळ खाली बसला आणि जाताना भोकं बुजवून गेला. दरवाज्याच्या तळाचंही तसंच. काचेच्या रबरातून दर पावसाळ्यात थोडं पाणी दारात उतरतंच, ते खालच्या भोकांनी बाहेर पडायला हवं. तुमच्या दारात ते पुरापासून साचत असणार.

गाळाखालचा पत्रा उघड्या पत्र्यापेक्षा लवकर का कुजतो, हे समजून घेण्यासारखं आहे. लोखंड गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात. त्यामुळे चिखलानं झाकलेला भाग सुरक्षित असेल असं वाटतं, पण होतं उलटं. ओल्या गाळाच्या कडेला हवा पोचते, मध्यभागी कमी पोचते. या फरकामुळे एकाच पत्र्यावर विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह सुरू होतो आणि जिथे हवा कमी तिथलं लोखंड विरघळू लागतं. म्हणून गाळाखाली गंज पसरट लागत नाही, खड्डे पाडत खोल जातो. मारुतीचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटरचा. खड्डा आरपार जायला वेळ लागत नाही. शिवाय गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, दुपटीपासून सहापटीपर्यंत. तो फुगतो तेव्हा वरचा रंग आतून ढकलला जातो. तुम्हाला फोड दिसतो, तोपर्यंत खालच्या पत्र्याची चाळण झालेली असते.

त्यात आपली हवा. सावित्री महाबळेश्वरावरून उतरते ती पोलादपूर आणि महाड या दोन्ही गावांवरूनच पुढे बाणकोटच्या खाडीला जाते. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की उघड्या लोखंडावर गंज वेगानं धरू लागतो. इथे जून ते सप्टेंबर ती त्याच्या खाली क्वचितच येते. समुद्र इथून लांब आहे, अलिबाग-मुरूडसारखी खारी हवा आपल्याकडे नाही, म्हणून गाड्या टिकायला हव्यात असं बरेच जण धरून चालतात. खाऱ्या वाऱ्याची जागा इथे अडकलेल्या ओलीनं घेतली आहे.

महाडच्या एका गॅरेजात पुरातून निघालेल्या मारुतीची सिल कापताना मी उभा होतो. वरून ती पट्टी नवी दिसत होती, पांढरा रंग चकचकीत. डेंटरनं आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं टोकापासून ठोकत आणलं. पुढे टण् टण् आवाज येत होता, मागच्या चाकाच्या अलीकडे तो एकदम थप्प झाला. त्यानं तिथे कागद धरून त्यावर चुंबक टेकवलं, ते घसरून खाली पडलं. म्हणजे तिथे पुट्टीचा थर होता, पत्रा नव्हता. मग ग्राइंडर लावला. सुरुवातीला ठिणग्या उडाल्या, पुढे नुसती पांढरी भुकटी. कापलेली पट्टी ओढून काढल्यावर आतून बोटभर जाडीची तपकिरी वडी निघाली. त्यात भाताचं तूस होतं, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा होता, आणि तिला दाबल्यावर ती अजून ओली होती. भर मार्च महिन्यात. त्या ओल्या वडीवर बाहेरून कितीही चांगला रंग मारला तरी काय होणार होतं?

आता तुमच्या गाडीकडे. पैसे ठरवण्याआधी ठोकण्याची आणि चुंबकाची ही परीक्षा स्वतः करा, कुणाच्या परवानगीची गरज नाही. सीट आणि गालिचा काढून जमिनीचा पत्रा बघा, विशेषतः चालकाच्या पायाखाली. गालिच्याखालचा नमदा पाणी धरून ठेवतो. डिकीत स्टेपनीखालचा खड्डा, बॅटरीखालचा तवा आणि मागच्या चाकांच्या कमानी या ८०० च्या ठरलेल्या जागा. पुढचे मडगार्ड गंजले असतील तर त्यांच्यावर डेंटरचा वेळ घालवू नका. ते बोल्टवर बसतात, नवे आणून बसवणं स्वस्त आणि टिकाऊ पडतं.

सिलची गोष्ट वेगळी. या गाडीला जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हीच तिची चासी आहे. सिल, जमिनीचा पत्रा, शॉकअॅब्सॉर्बर बसतात ते उंचवटे, हे सगळं मिळून गाडीचं वजन पेलतं आणि धडक बसली तर आतल्या माणसाला वाचवतं. प्रीमियर पद्मिनीचंही तसंच होतं. दरवाज्याच्या तळाला पुट्टी भरली तर फक्त पैसे जातात. सिलमध्ये पुट्टी भरली तर काशेडी घाटात वळणावर गाडीची खरी ताकद किती उरली आहे हे तुम्हालाच कळणार नाही. जॅक लावताना सिल दबते का, दोन्ही दारं नीट मिटतात का, हे पाहा. दार उचलून लावावं लागत असेल तर बॉडी बसायला लागली आहे. शॉकअॅब्सॉर्बरचे उंचवटे आणि सिल दोन्ही बाजूंनी गेले असतील, तर रस्त्यावर चालवण्यासाठी ही गाडी दुरुस्त करू नका असंच मी सांगेन. वडिलांची आठवण अंगणात छपराखाली उभी राहू शकते, त्यात घरच्या माणसांना बसवून घाट उतरायला नको.

ती पाळी नसेल, तर कामाचा क्रम असा धरायला सांगा. तळाच्या भोकांतले रबरी बूच काढून, तार घालून भोकं मोकळी करायची. पाण्याचा पाइप आत सोडून स्वच्छ पाणी बाहेर येईपर्यंत धुवायचं, मग कंप्रेसरची हवा मारायची आणि गाडी काही दिवस उन्हात दारं उघडी टाकून वाळवायची. हे काम घाईचं नाही आणि बहुतेक गॅरेजांना त्यात पैसे दिसत नाहीत, म्हणून ते तुम्हीच अंगणात करून गाडी न्या.

मग कापणं. जिथवर लोखंड पांढरं चमकतं तिथवर, आणि त्याच्याही पुढे इंचभर. काटकसर करून सडक्या कडेला नवा पत्रा जोडला तर वेल्डिंगच्या उष्णतेनं ती कड वितळते आणि भोक मोठं होतं. ठिगळाचा पत्रा मूळ पत्र्याच्याच जाडीचा, वीस किंवा बावीस गेजचा. जाड पत्रा मजबूत पडेल म्हणून लावू नये, जोड एकसारखा वितळत नाही. गॅस वेल्डिंगची आच दूरवर पसरते, पत्रा वाकतो आणि आतल्या बाजूचा शाबूत रंगही जळतो. म्हणून सीओटू वेल्डिंग असलेलं गॅरेज शोधा. टाके लांब लांब मारायचे, एक इथे, एक तिथे, मध्ये थंड होऊ द्यायचं. बॅटरीची वायर आधी काढलेली हवी. मागच्या कमानीजवळ काम असेल तर पेट्रोलची टाकी उतरवल्याशिवाय गाडीजवळ आच आणू देऊ नका, आणि पाण्याची बादली व ओली पोती जवळ असली पाहिजेत. तुमच्यासमोर हे करायला कारागीर कुरकुर करत असेल तर कारागीर बदला.

जिथे भोक पडलेलं नाही, नुसता गंज आहे, तिथे ग्राइंडरला तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, लोखंड उघडं होईपर्यंत. उघडा पत्रा थिनरच्या स्वच्छ कापडानं पुसल्यावर त्याला हात लावायचा नाही, घामात मीठ असतं. आणि ज्या दिवशी पत्रा उघडा केला त्याच दिवशी त्यावर इपॉक्सी प्रायमर गेला पाहिजे. उघडा पत्रा रात्रभर ठेवला तर आपल्याकडे सकाळी त्यावर पिवळसर झाक आलेली दिसते. तो गंजच असतो, आणि प्रायमर मारला की तो प्रायमरखाली राहतो.

तुमची पहिली रंगाई एका पावसाळ्यात का फुटली याचं निम्मं उत्तर पुट्टीत आहे. हार्डनर मिसळून लावतात ती पुट्टी वाळल्यावर दगडासारखी वाटते, पण तिच्यात शंखजिऱ्याची पूड भरपूर असते आणि ती पाणी शोषते. आपल्याकडे ती सर्रास पाणी मारत मारत पेपरनं घासली जाते, कारण त्यानं धूळ उडत नाही आणि हात हलका चालतो. ते पाणी तिच्यात मुरतं, वरून रंगाचा थर बसतो, पाणी आत कोंडतं. खाली गंज राहिलेला असेल तर त्याला हवं ते सगळं मिळालं. म्हणून पुट्टी इपॉक्सी प्रायमरच्या वर लावायची, उघड्या किंवा गंजक्या पत्र्यावर कधीच नाही. ती दोन-तीन मिलिमीटरहून जाड नको, आणि घासायची कोरडी, तोंडाला मास्क लावून. पाण्याचा पेपर पुढच्या थरांना, सरफेसर बसल्यानंतर, ४०० पासून ८०० पर्यंत.

काम कधी द्यायचं? दिवाळीनंतर ते होळीपर्यंत. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश जास्त असल्याशिवाय रंग मारायचा नाही, हा औद्योगिक रंगकामाचा नियम आहे. महाड एमआयडीसीत टाक्या आणि पाइप रंगवणाऱ्यांना विचारा, त्यांना तो माहीत असतो. डिसेंबर-जानेवारीत सावित्रीच्या खोऱ्यात सकाळी दव आणि धुकं असतं, गाडीचं छप्पर ओलं असतं. त्यामुळे उन्हं चांगली वर आल्यावर सुरुवात आणि दुपार कलायच्या आत गन बंद. पावसाळ्यात ड्यूको रंग मारला तर थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंग दुधासारखा पांढरट पडतो. मे महिन्यात उलट अडचण. रंग पत्र्यावर पोचेपर्यंतच वाळतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खरखरीत बसतो. कंप्रेसरच्या टाकीत साठणारं पाणी रोज काढलं जातं का, एवढं एकदा बघून या. टाकीखालचा कॉक उघडल्यावर पेलाभर गढूळ पाणी निघालं, तर ते पाणी तुमच्या गाडीवर जाणार होतं.

ड्यूकोऐवजी पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग मारणार असाल, तर त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. ते फवाऱ्यातून श्वासात गेलं की दमा जडू शकतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की पुढे अगदी थोड्या मात्रेनंही माणूस गुदमरतो. तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणारी मुलं महामार्गावरच्या किती गॅरेजांत दिसतात! कोळशाच्या डब्यांचा मास्क तरी हवाच. गाडी देताना मालकाला हे स्पष्ट सांगा, आणि गरज पडली तर मास्कचे पैसे तुमच्या बिलात धरायला सांगा.

रंगानंतर सिल आणि दारं आतून तशीच सोडू नका. त्यांच्या पोकळीत लांब नळीनं मेणाचं संरक्षण फवारतात, कॅव्हिटी वॅक्स म्हणून ते मिळतं. ते जोडांच्या फटींत शिरतं आणि पाणी बाहेर ढकलतं. फवारताना तळाची भोकं बुजू द्यायची नाहीत. सगळी गाडी चकाचक रंगवण्याइतके पैसे नसतील, तर रंग फक्त केलेल्या भागापुरता मारा आणि वाचलेले पैसे या आतल्या कामावर घाला. जुन्या आणि नव्या रंगाची छटा थोडी वेगळी दिसेल, दिसू द्या.

प्रश्न : गंजावर शीतपेय किंवा व्हिनेगर ओतलं की तो जातो असं ऐकलं. आमच्याकडे म्हातारी माणसं हिरड्याचं पाणी लावायची असंही सांगतात. यात तथ्य किती? (एक वाचक, बिरवाडी)

उत्तर : तिन्हींत थोडं थोडं आहे, पण हिरड्यात सर्वांत जास्त. व्हिनेगर आणि शीतपेयातलं फॉस्फरिक आम्ल गंज विरघळवतं खरं. नट-बोल्ट, बिजागरी, पाना अशा सुट्या वस्तू व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, ब्रशनं घासा, खायच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, वाळवा आणि लगेच तेल लावा. काम छान होतं. गाडीच्या बॉडीवर मात्र हे ओतू नका. आम्ल जोडांच्या फटीत शिरतं, तिथून ते धुता येत नाही आणि आतून नवा गंज सुरू करतं. शीतपेयात तर वरून साखर.

हिरड्याची गोष्ट खरोखर सुंदर आहे. आपल्या सह्याद्रीच्या जंगलात, महाबळेश्वरच्या उतारापासून भीमाशंकरापर्यंत, हिरडा भरपूर. त्याच्या फळात टॅनिन असतं. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ तयार होतो. हिरडा आणि हिराकस यांची काळी शाई आणि कापडाचा काळा रंग याच क्रियेवर उभे होते. बाजारात रस्ट कन्व्हर्टर म्हणून ज्या बाटल्या मिळतात, त्यांतल्या बऱ्याच टॅनिक आम्लाच्याच असतात. लावल्यावर तांबूस गंज काळा पडतो तो त्यामुळे.

पण मर्यादा लक्षात घ्या. कन्व्हर्टर पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावर चालतो. पोपडे सुटत असतील तर वरचा पोपडा काळा होतो आणि खालचा गंज तसाच राहतो. म्हणून आधी ब्रशनं खरवडणं सुटत नाही. फॉस्फरिक आम्लाचा कन्व्हर्टर लावला असेल तर डब्यावर लिहिल्याप्रमाणे धुऊन पूर्ण वाळू द्या, कारण आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी नीट घट्ट होत नाही. हिरडा घरी उकळून खिडकीच्या गजांवर प्रयोग जरूर करून पाहा. गाडीसाठी बाटलीच घ्या, तिच्यातली तीव्रता ठरलेली असते.

प्रश्न : रेड ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे गंजच ना? मग गंज रोखायला गंजच का लावतात? (अकरावीची एक विद्यार्थिनी, महाड)

उत्तर : हा प्रश्न मोठ्या माणसांना पडत नाही, तुला पडला याचा आनंद वाटला. रेड ऑक्साइडमधला लाल रंग खरंच लोखंडाचा ऑक्साइड असतो. गेरू त्याच घराण्यातला, आणि कोकणातला जांभा दगड लाल दिसतो तोही त्यामुळेच. पण गाडीवरचा गंज पाणी धरलेला असतो, भुसभुशीत असतो, त्याच्या फटींतून पाणी आणि हवा आत जात राहतात. रंगातली लाल पूड कोरडी, स्थिर झालेली असते. तिचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, त्यामुळे ऊन-पावसात ती आणखी बदलत नाही आणि ऊन खाऊन फिकी पडत नाही. गंज रोखण्याचं काम मुळात ती करतच नाही. ते करतो पुडीला धरून ठेवणारा तेलाचा किंवा रेझिनचा थर. चांगल्या प्रायमरमध्ये त्याच्या जोडीला झिंक फॉस्फेट असतं, ते लोखंडाच्या पृष्ठभागावर संरक्षक पापुद्रा तयार करतं. स्वस्त रेड ऑक्साइडमध्ये ते नसतं. म्हणून तो खिडकीच्या ग्रिलला ठीक, गाडीला इपॉक्सी.

प्रश्न : माझ्याकडे जुनी कमांडर जीप आहे. मागचा तळ सडला होता, त्यावर अॅल्युमिनियमची चेकर प्लेट रिबिट मारून बसवली. अॅल्युमिनियम गंजत नाही म्हणून निश्चिंत होतो. आता रिबिटांभोवती पांढरी पूड येते आणि प्लेट हलते. (एक वाचक, उमरठ परिसर)

उत्तर : अॅल्युमिनियम लोखंडासारखं गंजत नाही म्हणून एसटीच्या जुन्या गाड्यांच्या बॉड्या त्याच पत्र्याच्या असत, दापोडी आणि चिकलठाण्याच्या कार्यशाळांत रिबिट मारून बांधलेल्या. पण अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना टेकवून मध्ये पाणी आलं की दोघांची बॅटरी होते, आणि तिच्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. ती पांढरी पूड म्हणजे झिजलेलं अॅल्युमिनियम. शिवाय सडका तळ तुम्ही झाकला, काढला नाही. भात, खत, ओली पोती वाहताना वरून गळणारं पाणी दोन पत्र्यांच्या मध्ये राहतं.

प्लेट उचला. खालचा सडलेला तळ कापून लोखंडी पत्राच वेल्ड करा, दोन्ही बाजूंनी इपॉक्सी द्या. वरून अॅल्युमिनियम हवंच असेल तर मध्ये रबराची पट्टी किंवा सीलंटचा अखंड थर हवा, आणि बोल्टना प्लास्टिकचे वॉशर. तुमच्या जीपला वेगळी चासी आहे हे तुमचं नशीब, तळ गेला म्हणून गाडी गेली असं होत नाही. त्याच वेळी चासीच्या आडव्या पट्ट्याही हातोडीनं ठोकून पाहा, तिथेही चिखल बसतो.

प्रश्न : जुनी गाडी रंगवताना रंग बदलला तर आरटीओ अडवतं का? (एक वाचक, महाड)

उत्तर : गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. बदलायचा असेल तर मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली आरटीओला कळवून नोंद बदलून घ्यावी लागते. आपल्या एमएच-०६ साठी ते कार्यालय पेणला. मूळच्याच रंगात रंगवलं तर काही करायला नको, आणि माझा सल्लाही तोच आहे.

रंगाच्या खर्चाआधी दुसरा हिशेब मात्र जरूर करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये ते आणखी वाढलं. पर्यावरण कर वेगळा. कागद मुदतीत आहेत का ते बघा, तपासणीची तारीख जवळ असेल तर पत्र्याचं काम तिच्याआधी उरका. नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवताना पत्र्याला नवी भोकं पाडली गेली असतील, तर त्यांच्या कडांना त्याच दिवशी प्रायमरचं बोट लावा.

प्रश्न : पावसाळ्याआधी गाडीखाली जळकं ऑइल मारायची इकडे पद्धत आहे. चांगली की वाईट? (एक वाचक, पोलादपूर)

उत्तर : काही काळ ते पाणी अडवतं, म्हणून पद्धत टिकली. पण वापरून झालेल्या ऑइलमध्ये इंजिनात तयार झालेली आम्लं आणि धातूचा कीस असतो. सस्पेन्शनची रबरं त्यानं फुगून मऊ पडतात, त्यावर धूळ बसून चिखलाचा लेप होतो, आणि पहिल्या चार मोठ्या सरींत निम्मं ऑइल रस्त्यावरून भातखाचरात आणि तिथून सावित्रीत जातं. मी ते मारू नका म्हणेन. मे महिन्यात गाडी उंच करून खालचा चिखल धुवा, चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा बोटानं साफ करा, भोकांत तार घाला, वाळू द्या. जिथे रंग उडालाय तिथे प्रायमर, आणि वर रबरासारखं बसणारं अंडरकोटिंग. उघड्या किंवा ओल्या पत्र्यावर अंडरकोटिंग मारू देऊ नका, त्याच्याखाली गंज वाढत राहतो आणि वरून काहीच दिसत नाही. पाऊस सुरू झाला की पंधरा-वीस दिवसांनी एकदा गालिचा उचलून खाली हात फिरवा. ओल लागली तर आधी ती कुठून येते ते शोधा. बहुतेक वेळा पुढच्या काचेचं रबर किंवा क्लचच्या वायरचं भोक सापडतं.